पाना लावण्यापूर्वी

मुंबईची शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे निरोपाची तारीख आधीच ठरलेली होती. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून भरपूर हळहळ छापून आली. पण टॅक्सी संपली म्हणून गाडी संपली असे झाले नाही. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, सांगली-कोल्हापूरकडच्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये, कोकणातल्या एखाद्या पडवीला लागून ताडपत्रीखाली खाजगी पद्मिनी अजून उभ्या आहेत. बहुतेक बंद आहेत. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या सासऱ्यांची. विकवत नाही म्हणून ठेवलेली, चालवता येत नाही म्हणून झाकलेली. अशा प्रत्येक घरात कधी ना कधी कुणीतरी पान्यांचा संच विकत आणतो आणि म्हणतो, या रविवारी खोलून बघू या. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे, आणि त्याला यातला पहिला सल्ला असा की या रविवारी काहीही खोलू नका.

हा सल्ला विचित्र वाटेल, म्हणून त्यामागचा विचार सविस्तर मांडायला हवा. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याजवळ गॅरेजवाल्यापेक्षा जास्त असे काय असते? हत्यारे कमी, जागा अपुरी, हाताला सराव नाही, आणि चुकले तर ओळखणारा शेजारी कुणी नाही. त्याच्याजवळ एकच गोष्ट जास्त असते, ती म्हणजे वेळ. गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची नसते. दुसरे गिऱ्हाईक ताटकळत नसते. आता हा वेळ कुठे खर्चावा? गॅरेजचा हिशेब पाहिला की उत्तर सापडते. आपल्याकडे निदानाचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक बदललेल्या पार्टचे पैसे देतो, मजुरीचे देतो, पण ‘दोन तास तपासले आणि काही बदलायची गरज नाही असे आढळले’ यासाठी खिशात हात घालत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये संशयित पार्ट बदलून बघणे हेच तपासणीचे साधन होते. ही लबाडी नव्हे, धंद्याचा नाइलाज आहे. घरच्या माणसाला हा नाइलाज नाही. तो हवे तितके मोजू शकतो, थांबू शकतो, पुन्हा मोजू शकतो. आणि तरीही नवा हौशी नेमके उलट करतो: गाडी पहिल्या महिन्यात नखशिखांत खोलून टाकतो. कारण खोलण्यात प्रगती डोळ्यांना दिसते. मोजण्यात दिसत नाही. मग सुटे भाग खोक्यांत जातात, खोकी माळ्यावर जातात, आणि चालू होण्याजोगी गाडी तुकड्यांच्या रूपात मरते. या पुस्तकाची बाजू एका वाक्यात सांगायची तर, जुनी गाडी तितकीच खोलावी जितकी खोलायला मोजमापाने भाग पाडले.

उदाहरणासाठी पद्मिनीच निवडण्याला कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली. 1964 पासून 1100 डिलाइट आली, तीच काही वर्षांनी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. इटलीत 1100 डी हे मॉडेल 1966 मध्येच थांबले होते. इथे त्याच सांगाड्याची गाडी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिली. परवाना राजवटीची ही करणी. ग्राहकाच्या दृष्टीने ती शिक्षा होती, दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र वरदान ठरली. इतकी वर्षे मूळ रचना फारशी न हलल्यामुळे गाव तिथे तिचा मेकॅनिक तयार झाला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत तिच्या पार्टचा बाजार उभा राहिला. यंत्र म्हणूनही ती सरळ आहे. 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. बिडाचा ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड. पॉइंट-कंडेन्सरवर चालणारे इग्निशन, एक कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. संगणक नाही, सेन्सर नाही. बिघाडाचे कारण जिथे असते तिथे डोळा, कान आणि साधे मापक पोचू शकते. शिवाय सगळे नट-बोल्ट मिलिमीटरचे. अ‍ॅम्बॅसेडरचा इंची वारसा ज्याने भोगला आहे त्याला याचे मोल कळेल.

मात्र दीर्घायुष्याची दुसरी बाजू अशी की आज उभी असलेली कोणतीही पद्मिनी कारखान्यातून निघाली तशी नाही. तीस-चाळीस वर्षांत तिच्यावर दहा हातांनी काम केलेले असते. एखादीत मोडीत गेलेल्या टॅक्सीचे इंजिन असते. एखादीत सीएनजीचे किट बसवून काढलेले असते आणि डिकीत त्याच्या पट्ट्यांची भोके राहिलेली असतात. डायनमोच्या जागी अल्टरनेटर, मूळ फ्यूजच्या जागी तांब्याची तार, एका बाजूला वॉशर दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. यातला काही भाग निव्वळ निष्काळजीपणा असतो, पण सगळा नव्हे. तो जास्तीचा वॉशर कदाचित वाकलेल्या क्रॉस मेंबरची भरपाई करत असेल. तो काढून सफाईदारपणे एकेकच बसवला तर गाडी एका बाजूला ओढू लागेल आणि कारण कधीच सापडणार नाही. म्हणून गाडी खोलणे हे पंचनाम्यासारखे काम आहे: वस्तू हलवण्याआधी जागेवरची नोंद झाली नाही तर पुरावा गेला. ‘ज्या क्रमाने खोलले त्याच्या उलट क्रमाने बसवा’ हे मॅन्युअलमधले वाक्य कारखान्यातल्या नव्या गाडीला लागू असते. ज्या गाडीत मॅन्युअलबाहेरचे निम्मे आहे, तिच्यासाठी मॅन्युअल हा केवळ एक साक्षीदार. फोटो काढणे आता फुकट झाले आहे, पण फोटोत बोल्ट किती घट्ट होता, त्याला गंज होता की ताजे ग्रीस, तो हाताने सुटला की पाइप घालून सोडवावा लागला, हे उमटत नाही. ते वहीत लिहावे लागते. पुढच्या प्रकरणांतून नोंदीचा आग्रह कंटाळा येईल इतका केलेला आहे. त्याबद्दल दिलगिरी नाही.

मोजमापाने खोलण्याची गरज कशी कमी होते, हे इंजिनच्या उदाहरणाने पाहावे. गाडी धूर टाकते, चढावर दम तोडते, एक सिलिंडर मिसिंग करते. पारावरचा निकाल तयार असतो: इंजिन बांधायला आले. आता कॉम्प्रेशन गेज घ्या. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून काढावा. एकेका आकड्यापेक्षा चार आकड्यांचा आपसातला मेळ महत्त्वाचा. चारही जवळपास सारखे असतील तर ते थोडे कमी असले तरी घाबरण्याचे कारण नाही. एकच फार कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजा. दाब वाढला तर गळती रिंगांच्या बाजूने आहे, कारण ऑइलने पिस्टनभोवतीची फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर दोष वरचा: व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधली हेड गॅस्केटची पट्टी फुटल्याचा संशय पहिला. अर्ध्या तासाच्या या तपासणीने ‘इंजिन बांधणे’ या मोघम शिक्षेचे तीन वेगवेगळे गुन्हे होतात, आणि त्यांतल्या दोहोंसाठी इंजिन गाडीतून उतरवावे लागत नाही. व्हॉल्व्हचा संशय असेल तर हेड खोलण्याआधी टॅपेट तपासावेत. टॅपेटमध्ये फटच उरली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गेज तोच आकडा दाखवतो. उपाय मात्र दोन पाने आणि एक फीलर गेज एवढाच असतो. बंद पडलेल्या जुन्या गाड्यांत याहून साधी कारणेही पुष्कळदा निघतात. कार्बोरेटरच्या माथी मारलेला दोष जळक्या पॉइंटचा किंवा गरम झाल्यावर दगा देणाऱ्या कंडेन्सरचा असतो. कार्बोरेटर खोलला जातो, त्याचे जेट तारेने ‘साफ’ केले जातात, म्हणजे भोक मोठे केले जाते, आणि एका दोषाचे दोन होतात.

इथे एक आक्षेप वाजवी आहे: इतके उपद्व्याप करण्यापेक्षा एकदा इंजिन संपूर्ण बांधून का घेऊ नये? पुढची वीस वर्षे चिंता नाही. याला उत्तर धातूच्या हिशेबात आहे. रिबोअर करताना लेथवाला सिलिंडरच्या भिंतीचा धातू काढून टाकतो आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवतो. क्रँक ग्राइंड करताना जर्नलचा धातू जातो आणि अंडरसाइज बेअरिंग बसतात. ही कामे मोजक्याच वेळा करता येतात; मग ब्लॉकला स्लीव्ह घालावी लागते आणि क्रँक भंगारात जाते. नवा ब्लॉक आता कुठला कारखाना ओतणार नाही. म्हणजे गरज नसताना केलेला प्रत्येक रिबोअर त्या गाडीच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो. हेडचेही तसेच. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून एकदा जबर गरम झालेले हेड वाकते आणि ते सरळ करायला पृष्ठभाग घासावा लागतो. दर घासणीला हेड पातळ होते. हेड गरम असताना बोल्ट सैल करणे, किंवा मधून बाहेर या क्रमाने न आवळता एका टोकाकडून आवळत जाणे, हे घरच्या दुरुस्तीत होणारे आणि हेड कायमचे बिघडवणारे प्रकार. जिथे धातू परत येत नाही तिथे पाना उशिरा लावणे याला भित्रेपणा म्हणता येणार नाही.

तरीही हा नियम सगळीकडे सारखा लागत नाही, आणि तो कुठे मोडतो ते सांगितले नाही तर वाचकाची फसवणूक होईल. पहिली जागा पत्र्याची. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच तिची चौकट. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, पायांखालचा पत्रा, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचे तळ, मागच्या पाट्यांच्या कमानी जिथे बसतात ते कोपरे, या ठिकाणी गंज आतून धरतो आणि बाहेरून लांबी मारून रंग चढवला की वर्षानुवर्षे कळत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत तर विचारायला नको. बाहेरून पाहून इथे निदान होत नाही. लोहचुंबक फिरवावा, जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे असे समजावे, आणि मग मॅटिंग, सीट, कार्पेट सगळे काढून, गरज पडल्यास रंग खरवडून पत्रा उघडा करावा. पूर्ण खोलण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे इथे शंभर टक्के बरोबर आहे, कारण चौकट सडली असेल तर इंजिनच्या कॉम्प्रेशनला काही अर्थ उरत नाही.

दुसरी जागा ब्रेक. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेक चालू वाटले तरी ते मोजण्याच्या भानगडीत न पडता चारही चाकांचे खोलावेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबर ताठ होते. रबरी भाग आणि होज बदलायचेच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ड्रममधली धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

घरी हे काम करणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न याच ओघात येतो. माझे उत्तर सशर्त आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणारा माणूस कितीही कसबी असला तरी मूर्ख आहे. घोड्या लावल्याशिवाय, तीही सपाट आणि टणक जमिनीवर, खाली जायचे नाही. बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची टाकी उतरवायची नाही. पुढची कॉइल स्प्रिंग दाबून काढायचे योग्य साधन नसेल तर ते काम बाहेर द्यायचे. शहरातल्या बहुतेक वाचकांना स्वतःचे गॅरेज नाही, सोसायटीची खूण केलेली एक जागा आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा तेलाच्या डागांना विरोध रास्त आहे. एवढ्या मर्यादेत निदान, इग्निशन, कार्बोरेटर, ब्रेक, वायरिंग ही कामे होतात. इंजिन उतरवणे होत नाही असे नाही, पण होऊ नये.

मग मेकॅनिकचे काय? हौशी माणूस घरी काम करू लागला तर आधीच कमी झालेले जुन्या गाड्यांचे कारागीर आणखी कमी होतील, असे म्हणणारे आहेत. मला वाटते उलट घडते. रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट कापणे, ब्रेक ड्रम लेथवर घेणे ही कामे घरी होऊच शकत नाहीत. त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणचे मशीनशॉप लागते. ज्याने स्वतः मोजले आहे तो तिथे नेमकी मागणी घेऊन जातो: या सिलिंडरला इतका टेपर आहे, पाहा. असे गिऱ्हाईक कारागिराला आवडते, कारण त्याच्या कसबाची किंमत त्याला कळते. शिवाय पद्मिनीचे जे ज्ञान मेकॅनिकांच्या हातात आहे ते कागदावर जवळपास नाही. ‘अर्धा चक्कर मागे घे’ हे त्याला माहीत असते, का ते त्याने कधी कुणाला सांगितलेले नसते, कारण कुणी विचारलेले नसते. काम सोडलेल्या जुन्या मेकॅनिकाकडे चार प्रश्न घेऊन जाणारा नोंदवही बाळगणारा हौशी ही आजच्या घडीला ते ज्ञान लिहिले जाण्याची जवळजवळ एकमेव वाट आहे.

पैशांचा आक्षेप मी लांबवणार नाही. खर्च गाडीच्या विक्रीतून वसूल होईल अशी अपेक्षा ठेवून कुणी या वाटेला जाऊ नये. कमी खोलण्याने खर्च कमी होतो, पण नफा होत नाही.

प्रदूषणाचा आक्षेप मात्र टाळता येण्यासारखा नाही. पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, मिश्रण कार्बोरेटर ठरवतो, आणि किलोमीटरमागे ती आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण हवेत सोडते. ‘नवी गाडी बनवायलाही प्रदूषण होते’ हे खरे आहे, पण त्यावरून जुनी गाडी रोज ऑफिसला न्यावी असे निघत नाही. बचाव एकच आहे: ती कमी चालवावी आणि जेवढी चालवायची तेवढी नीट ट्यून केलेली असावी. पीयूसीच्या कागदापलीकडे जाऊन प्लगचा रंग आणि आयडलिंगचे मिश्रण स्वतः पाहणाऱ्याची गाडी न पाहणाऱ्याच्या गाडीपेक्षा स्वच्छ असते, एवढेच म्हणता येते. इंधनाचा प्रश्न याला जोडूनच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला खाते, पाणी शोषते, आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होते. म्हणून पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्रॅम आणि फ्लोटची सुई इथेनॉल झेपणारी बसवणे आणि मेन जेटचा आकार पुन्हा ठरवणे यावर वेगळे प्रकरण दिले आहे. उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी महिनोन् महिने भरून ठेवू नये.

शेवटचा मुद्दा मूळपणाचा, आणि त्यावर पंथ आहेत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हॅलोजन दिवे, सीट बेल्ट, डिस्क ब्रेक: यांतले काय चालेल? या पुस्तकाची कसोटी अशी की जो बदल नवे भोक न पाडता, पत्रा न कापता करता येतो आणि जुना भाग डब्यात जपून ठेवता येतो, तो करायला हरकत नाही. सीट बेल्टसाठी मात्र मी कसोटी मोडून भोक पाडायला सांगेन. या भूमिकेला कायद्याचेही कारण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, आणि क्रमांकाच्या पाटीवर व्हीए ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच. सुरुवातीच्या काळातल्या पद्मिनी आता या रेषेपाशी पोचल्या आहेत, त्यांच्या आधीच्या डिलाइट ती ओलांडून गेल्या आहेत. 1985 किंवा 1992 ची गाडी मात्र अजून साध्या नोंदणीतच राहते आणि पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण, फिटनेस, हरित कर हे सगळे तिला चुकत नाही. आज केलेला एखादा बदल दहा-पंधरा वर्षांनी तिला व्हिंटेजच्या दारातून परत पाठवू शकतो.

त्यामुळे पहिले प्रकरण इंजिनचे नसून कागदाचे आहे. ब्लॉकवर कोरलेला इंजिन क्रमांक ग्रीस पुसून वाचावा आणि आरसी बुकातल्या क्रमांकाशी पडताळावा, तसाच चेसिस क्रमांकही. मोडीतल्या टॅक्सीचे इंजिन बसवलेल्या गाड्या कमी नाहीत आणि तो बदल आरटीओत नोंदवण्याची तसदी त्या वेळी बहुतेकांनी घेतलेली नाही. क्रमांक जुळत नसतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली तो बदल आधी नोंदवून घ्यावा लागेल, आणि त्याला किती फेऱ्या लागतील हे तुमच्या आरटीओवर अवलंबून आहे. तोपर्यंत कॉम्प्रेशन गेज आणून ठेवायला हरकत नाही.